नकाशात गिरणी कुठे?

आमच्या चाळीचा रंग जांभळा आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

लालबागला गिरणीच्या भिंतीला पाठ टेकून उभी असलेली तीन मजली चाळ. दहा बाय बाराची खोली, आत आम्ही सातजण. १९७४ साली आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स करून मी फोर्टातल्या एका नगररचनाकारांच्या कार्यालयात लागलो. तिथं भिंतीवर मुंबईचा विकास आराखडा टांगलेला होता, १९६७ साली मंजूर झालेला. राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्याला जांभळा, मोकळ्या जागेला हिरवा. नवा माणूस अशा नकाशात सगळ्यात आधी स्वतःचं घर शोधतो. मीही शोधलं. भायखळ्याच्या वर बोट सरकवत गेलो तर गिरण्यांचा जांभळा पसरलेला आणि त्यातच आमची चाळ.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. पहिली पाळी करून आले होते, कॉमन गॅलरीत बनियनवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "म्हणजे सरकारच्या हिशेबी आपण गिरणीतच झोपतो. खोटं नाही ते."

मी हसलो. ते हसले नव्हते, हे फार उशिरा ध्यानात आलं.

आमच्या कार्यालयाकडं तेव्हा खाडीपलीकडच्या कामांचे नकाशे यायचे. नवी मुंबई. कागदांवर 'न्यू बॉम्बे' असायचं. या शहराची गोष्ट आम्हा पोरांना साहेबांनी एका दुपारी सांगितली होती. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' मासिकात मांडणी केली की मुंबई उत्तरेकडं लांबत चालली आहे, सकाळी सगळी माणसं दक्षिणेला आणि संध्याकाळी सगळी उत्तरेला, हे थांबवायचं तर शहर पूर्वेला, पाण्यापलीकडं न्या. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटर जमीन, ९५ गावं, आणि पुढंमागं वीस लाख माणसं राहतील असा अंदाज. एकच मोठं शहर नाही; नोड नावाची छोटी छोटी गावं, प्रत्येकाची स्वतःची शाळा, बाजार, दवाखाना, आणि त्यांना माळेसारखी ओवणारी रेल्वे. पहिला नोड वाशी.

ऐकायला छान वाटलं. त्याच दुपारी घरी जाताना मंत्रालयाकडं चक्कर मारली तर समुद्रात भर टाकून नरिमन पॉइंटच्या इमारती वर चढत होत्या. कचेऱ्या पलीकडं न्यायच्या म्हणून पलीकडं शहर, आणि अलीकडं कचेऱ्यांसाठीच समुद्र बुजवणं चालू. दोन्हीकडचे नकाशे एकाच गल्लीतल्या दुकानात प्रिंट व्हायला जायचे. अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी काढत मी रांगेत उभा असायचो आणि दोन्ही गुंडाळ्या एकाच काउंटरवर पडलेल्या बघायचो.

आमचे साहेब पायी फिरवून शिकवणारे होते. एका शनिवारी त्यांनी आम्हाला दादरला नेलं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. म्हणाले, वर बघू नका, खाली बघा. गटारं, फुटपाथ, झाडांतली अंतरं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्यानं गिरगावाकडच्या दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि इकडं दादर-माटुंग्याला शेतं-वाड्या सपाट करून आधी रस्ते अन् गटारं घातली, मग प्लॉट भाड्यानं दिले. "आधी जमिनीखालचं, मग जमिनीवरचं," साहेब म्हणाले, "क्रम चुकला की शहर चुकलं." माझ्या शेजारचा ट्रेसर, गिरगावचाच, पुटपुटला, "आणि ज्यांची खोली त्या रस्त्यात गेली ते कुठं गेले?" साहेबांनी ऐकलं असावं. उत्तर दिलं नाही. दादरच्या त्या टुमदार घरांत आले ते कारकून, मास्तर, वकील. हे तर आम्हाला फाटकावरच्या पाट्या वाचूनच कळत होतं.

क्रम हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसला. आमच्या भाषेत टप्पा. रंग भरणं सोपं असतं. ब्रश, पोस्टर कलर, थोडं पाणी, आणि हात स्थिर. टप्प्याचा नकाशा मात्र वैताग आणतो, कारण त्यात काळ दाखवायचा असतो आणि कागदाला काळ नसतो. आम्ही तिरक्या रेघा मारायचो: दाट रेघा म्हणजे पहिला टप्पा, विरळ म्हणजे दुसरा, रिकामं म्हणजे पुढं केव्हातरी. या 'पुढं केव्हातरी'मध्ये काय काय जाऊन पडतं, ते मी पुढची तीस वर्षं बघितलं.

नियोजनाचा पैशाचा हिशेब आरेखकालाही समजेल इतका साधा होता. शेतजमीन घ्यायची, भराव घालायचा, रस्ता-पाणी-वीज द्यायची, मग प्लॉट विकायचे, आणि त्या पैशातून पुढचा नोड. कल्पना हुशारीची, तिच्याशिवाय हे शहर उभंच राहिलं नसतं. पण तिच्या पोटातच एक खोड होती. जे विकलं जातं ते आधी येतं आणि जे विकलं जात नाही ते रिकाम्या जागेत जातं.

१९७६ च्या पावसाळ्यापूर्वी मला मोजणीच्या तपासणीला पलीकडं पाठवलं. मानखुर्दपर्यंत लोकल, तिथून बस. खाडीवरचा पूल १९७३ सालीच झाला होता. पूल ओलांडला की वाशीची पहिली घरं, रुंद रस्ते, त्या रस्त्यांवर कुत्रीसुद्धा नाहीत, आणि मग मिठागरं आणि खारजमिनी क्षितिजापर्यंत. हातात गाव नकाशा, बरोबर साखळी धरणारे दोघं. खाडीकडेच्या एका गावाबाहेर माझ्या नकाशावर एक मोठा रिकामा तुकडा होता. सातबाऱ्यावर पोटखराबा. त्यावर मी स्वतःच, फोर्टातल्या टेबलावर बसून, प्राथमिक शाळेचं आरक्षण रंगवलं होतं. शाळा काही वाईट गोष्ट नाही, हा माझा युक्तिवाद.

जाऊन बघतो तर तुकडा रिकामा नव्हता. कडेनं जाळी पसरलेली, मधे जवळा वाळत घातलेला, सगळं मैदान गुलाबी-राखाडी. चार बायका झाडूनं तो उलटवत होत्या आणि वास असा की माझ्या लालबागच्या नाकालाही सोसेना. त्यातली एक म्हणाली, "शाला इथं? मंग पोरं शिकतील नि आमी खानार काय?" मी कागद खिशात घातला. परत आल्यावर शाळा दीडशे मीटर सरकवली. साहेबांनी कारण विचारलं तर 'जमिनीचा उतार' असं लिहिलं. जवळा हे कारण लिहायला तेव्हा लाज वाटली. आज वाटते ती वेगळीच लाज.

त्याच खेपेला एक आगरी म्हातारा भेटला. त्याच्या भातशेताच्या बांधावर आम्ही डबा खायला बसलो होतो. पाण्याच्या निचऱ्याचा विषय निघाला. आमच्या कार्यालयात त्या वेळी धारण तलावांची मोठी चर्चा होती: नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या आसपास, मग भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले तर पाणी जाणार कुठं? तर तलाव खणायचे, खाडीच्या तोंडाला झडपा बसवायच्या. भरतीच्या रेट्यानं झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडप उघडून निघून जातं. हॉलंडमधल्या पद्धतीचं नाव घेऊन हे आम्हाला समजावलं गेलं होतं. मी म्हाताऱ्याला ते मोठ्या ऐटीत सांगितलं. तो उठला, मला बांधावरून पन्नास पावलं घेऊन गेला. बांधात दगडी मोरी, मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीनं टांगलेलं लाकडी दार. पायानं त्यानं ते ढकललं, ते परत आपटलं.

"सायब, ही आमची उघारी," तो म्हणाला. "आज्याच्या आज्यानं बसवली."

उघाडी. शब्द मला माहीत नव्हता. दाराच्या फळीला खालच्या बाजूनं कालवं चिकटलेली, बिजागरीला गंज नव्हता कारण बिजागरी लोखंडाची नव्हतीच, जाड दोरखंडाची होती. मी वहीत चित्र काढून घेतलं. ती वही आजही आहे. नियोजनाच्या शाळेत मी गेलो नाही, पण कुणी विचारलं की तुम्ही कुठं शिकलात, तर त्या बांधाचं नाव मनात येतं.

१९७९ साली लग्न झालं आणि आम्ही वाशीला एक लहानसं घर घेतलं. बायको गिरगावची, फणसवाडीतली. तिथं खिडकीतून हात बाहेर काढला तर फूलवाला, दूधवाला, केळीचं पान, सगळं हाताला लागतं. वाशीला खिडकीतून आकाश लागायचं. पहिला महिना ती खूष होती: नळाला पाणी, घरात संडास, पंखा लावायची गरज नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं गव्हाचा डबा समोर ठेवला.

"अहो, तुम्ही एवढे नकाशे काढता. गिरणी कुठंय?"

लालबागचा माणूस गिरणी म्हटल्यावर एकच गिरणी समजतो. मला क्षणभर कळेना. मग कळलं, पिठाची गिरणी. आणि खरंच, नव्हती. आमचं सेक्टर शुद्ध पिवळं. सोयीच्या दुकानांसाठी एक निळा ठिपका ठेवला होता, त्यावर दुकानं बांधूनही झाली होती, पण गाळा घेऊन गिरणी टाकण्याइतकी गिऱ्हाइकं नव्हती, आणि गिरणी नसल्यानं गिऱ्हाइकं वाढत नव्हती. मुंबईला कामावर जाणारे माझ्यासारखे लोक दळण बॅगेत घालून नेत. फोर्टातल्या माझ्या टेबलाखाली सोमवारी डबा असायचा. दुपारच्या सुट्टीत मी तो गिरगावात सासुरवाडीच्या गिरणीवर टाकायचो आणि संध्याकाळी बसमध्ये मांडीवर गरम पीठ घेऊन खाडी ओलांडायचो. पलीकडच्या नव्या शहरासाठी पीठ जुन्या शहरातून जात होतं.

मग शेजारणीनं शोध लावला. सेक्टर संपतं तिथं जुनं गावठाण होतं. त्याच्या हद्दीला आम्ही नकाशावर तुटक रेघ मारून आत रंग भरायचा नाही असं ठरलेलं. आमच्या कागदावर गावठाण म्हणजे पांढरं भोक. त्या पांढऱ्या भोकात गिरणी होती. न्हावी होता, सायकल पंक्चरवाला होता, भजीवाला होता, सुईण होती. संध्याकाळी पिवळ्या सेक्टरांतल्या बायका डबे घेऊन ओळीनं पांढऱ्यात शिरायच्या. ज्यांच्या जमिनीवर आमची घरं उभी होती, त्यांच्याच दारात आम्ही रांग लावून होतो. आम्हा कुणालाच तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा संपात. महिना, दोन महिने, मग मोजणं सोडलं. मी शनिवारी लालबागला जायचो तेव्हा चाळीत एक विचित्र शांतता असायची. भोंगा नाही. माणसं जिन्यावर बसलेली, कुणी गावाला गेलेलं, कुणी भाजीची हातगाडी लावलेली. जांभळा रंग कागदावर होता तसाच होता, त्यातलं काम तेवढं निघून गेलं होतं. बाबांना मी वाशीला चला म्हटलं. "तिथं येऊन मी काय करू? बाकड्यावर बसू?" वाशीच्या बागेत बाकडी खरंच सुरेख होती.

पुढच्या एका जानेवारीत, १९८४ ला, उरणच्या वाटेवर जासईकडं जमिनीच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. पाचजण गेले. आठवडाभरानं मी दळण घेऊन गावठाणात गेलो. गिरणीवाला नेहमी बोलका, त्या दिवशी त्यानं डबा घेतला, दळला, परत दिला, पैसे मोजले. एक शब्द नाही. मी काही केलं नव्हतं. फक्त रेघा मारल्या होत्या. पुढं १९९० साली घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला. आमच्या ट्रेसिंगवर त्याचे तुकडे बसवताना मला कळलं की हा भाग सर्वांत आधी यायला हवा होता, आणि तो आला होता वीस वर्षांनी.

त्या आधीच आम्ही वाशी सोडली होती. १९८८ ला बाबांना अर्धांगवायू झाला, भाऊ एकटा पडला, बायको म्हणाली चला, आणि आम्ही लालबागला परत आलो. घर विकलं, मिळाली ती किंमत बरी वाटली. ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली. त्या घराची किंमत त्यानंतर काय झाली ते मी लिहीत नाही, घरात अजूनही तो विषय काढत नाहीत. ज्यानं टप्प्यांचे नकाशे रेखाटले त्याला स्वतःच्या बाबतीत टप्पा ओळखता आला नाही, एवढंच.

रेल्वे सुरुवातीपासून नकाशावर होती. काळी-पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची रेघ. मी स्वतः कितीतरी वेळा ती काढली. तिला वीस वर्षं लागली कारण ती विकता येत नव्हती; शेवटी तिच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला तेव्हा ती आली. आली आणि सगळं एकदम भरलं. बेलापूरला कोकण भवन आलं होतं, मंत्रालय आलं नाही. मग सकाळच्या गाड्या कुठल्या दिशेला भरून जायच्या हे सांगायला नको. पूर्वी माणसं उत्तरेकडून यायची, आता पूर्वेकडूनही येऊ लागली.

एक मात्र मान्य करायला हवं. चुकीच्या क्रमानं का होईना, पलीकडं काहीतरी क्रम होता. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी तलावासाठी जागा सोडली होती, स्टेशनसाठी सोडली होती, म्हणून ती उशिरा का होईना भरता आली. कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये छोट्या छोट्या प्लॉटांवर एकमेकांना न चिकटलेली घरं बांधली, सात-सात घरांचं एक अंगण, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं वाढवावं. लोकांनी ती इतकी वाढवली की मूळ घर ओळखू येत नाही. तिथं जाऊन हळहळणारे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी मी पाहिलेत. मला ती घरं बघून बरं वाटतं. चाळीतल्या माणसाला पोटमाळा काय असतो ते माहीत असतं.

परळ-लालबागला तेवढंही झालं नाही. मुंबईत ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमानं ठरलं की गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश परवडणारी घरं, उरलेली मालकाची. १९९६ ला कोरियांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली. तिनं सांगितलं, गिरण्यांचा सुटा सुटा विचार करू नका, जमिनी एकत्र धरून रस्ते-मैदानं आखा. म्हणजे दादरच्या फुटपाथवर आमच्या साहेबांनी सांगितलं होतं तेच. ते झालं नाही. २००१ ला नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल असं ठरलं, आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. ज्या गिरण्या शेडनी भरलेल्या, त्यांत मोकळं असं किती निघणार? मी हे गणित प्लॅनिमीटर फिरवून, विरंगुळा म्हणून, घरच्या टेबलावर एका गिरणीपुरतं करून पाहिलं. मैदानाच्या वाट्याला आलं ते आमच्या चाळीच्या पटांगणाहून फार मोठं नव्हतं.

जांभळा पुसला गेला. काचेच्या इमारती आल्या, हजारो माणसं नोकरीला येऊ लागली, आणि ती उतरायची त्याच जुन्या स्टेशनांवर, गिरणी कामगारांच्या पाळ्यांसाठी पुरे पडणाऱ्या अरुंद पुलांवरून. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. मी तेव्हा निवृत्त होतो. गल्लीतली पोरं धावत गेली होती. पुतण्या रात्री आला तेव्हा त्याच्या हातात कुणाची तरी चप्पल होती, कधी उचलली ते त्यालाही सांगता येईना. घरात कोपऱ्यात ती चप्पल कितीतरी दिवस पडून होती.

हाच पुतण्या आता खाडीपलीकडं उलव्याला घर बघतोय. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तो आमच्या शिवडीहूनच निघतो. लालबागहून पलीकडं जायला चहा गार व्हायचा नाही. गेल्या पावसाळ्यात तो मला घेऊन गेला. "काका, तुम्ही बघा, तुम्हाला कळतं." पुलावरून डावीकडं चिखलात फ्लेमिंगो शोधले, सीझन नव्हता. सॅम्पल फ्लॅटमधली मुलगी फार आर्जवी. तिनं भिंतीवरचा रंगीत नकाशा दाखवला: विमानतळ, मेट्रो, मॉल, शाळा. सगळे ठिपके सारख्याच चमकदार रंगाचे. मी विचारलं, यातलं आज काय आहे? ती म्हणाली, "सर, विमानतळ तर होतोच आहे." पाणी? "टँकर आहे, सर, पण तात्पुरता." तात्पुरता या शब्दावर पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं.

तो कर्जाचं बोलत बसला, मी बाहेर पडलो. पाऊस थांबला होता. सेक्टरचा डांबरी रस्ता एका ठिकाणी एकदम संपतो आणि गावाची वाट सुरू होते. वीस पावलांवर मारुतीचं देऊळ, पुढं मासळीवाल्या, आणि पत्र्याच्या शेडमधून तो ओळखीचा घरघराट. दारात सात-आठ स्टीलचे डबे ओळीनं, प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं: बी-१२०४, सी-७०३, ए-१९०१. मालक पिठानं पांढरा झालेला. मी विचारलं, टॉवरवाले येतात का?

"तेच येतात," तो म्हणाला. "तुमचं काय, गहू का ज्वारी?"